फुंकर मारली ती मीच

मामा, आग मी लावली नाही, विझवली! आई फोनवर वाट्टेल ते सांगते आणि तुम्ही ऐकून घेता. जन्मभर अग्निशामक दलात काढलेल्या माणसानं आधी जागेची पाहणी करावी, मग भाच्यावर ओरडावं. असो. साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मामी जिना चढू देते का?

तर ती जागा. दगडी पायऱ्यांचं अर्धगोल रंगमंदिर, इतकं जुनं की किती जुनं ते सांगणारी पाटीसुद्धा झिजलीय. छप्पर नाही, वर थेट आभाळ. विजेचा दिवा एकही नाही, प्रत्येकाच्या पायाशी काचेच्या पेल्यात मेणबत्ती. (तुम्ही आत्ताच पाण्याची बादली शोधायला लागलात ना? मीही शोधली. पण मामा, दगडांवर असा काही उजेड हलत होता की मी पहिल्यांदाच आगीला सुंदर म्हटलं.) खाली जॅझवाले चौघं आणि त्यात ती. ती म्हणजे तीच हो, जिच्याबद्दल आईला अजून सांगितलेलं नाही. स्वतःपेक्षा उंच, अवाढव्य व्हायोलिनसारखं वाद्य खांद्याला टेकवून बोटांनी वाजवते. आवाज कानांत न शिरता थेट बरगड्यांत शिरतो. कार्यक्रम संपला की तिला लग्नाचं विचारायचं, असं ठरवूनच गेलो होतो.

आता जॅझची एक रीत आहे. एकेकाचं एकट्याचं वाजवून झालं की तुकडा चालू असतानाच टाळ्या द्यायच्या. हे तिनं मला शिकवलेलं, बाकी कुणाला पत्ता नाही. मी टाळ्या वाजवल्या, मग शेजारच्या सूटवाल्या काकांनी, मग अख्ख्या रांगेनं. असं दोन-तीनदा झाल्यावर सगळी पब्लिक माझ्याकडे बघून जॅझ ऐकायला लागली. (आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी जाणकार समजत होतं.)

मग तिची पाळी आली आणि नेमकी ती खांबाआड! मी उठलो. आणि तुम्ही आम्हा भाचरांच्या डोक्यात ठोकून बसवलंय ना, की जागा सोडायची तर ज्योत विझवून, त्याप्रमाणे नकळत वाकलो आणि फू केलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली. फू. काकूंनी फू. मग मागची रांग, पुढची रांग. रंगमंचावरच्या मेणबत्त्या सांभाळणाऱ्यांना वाटलं वरून हुकूम आलाय. त्यांनीही फू.

मिट्ट काळोख. पियानोवाला थांबला, ड्रमवाला थांबला. ती थांबली नाही. त्या अंधारात एकटं वाद्य धुम धुम चालत राहिलं, घरातलं जाणतं माणूस दिवे गेल्यावर सगळ्यांना हाताला धरून बाहेर नेतं तसं. हळूहळू बाकीचे तिच्या मागून आले. मामा, दगडसुद्धा श्वास रोखून होते. टाळ्या कधी द्यायच्या, हे मलाही सुचलं नाही.

नंतर ती खाली आली. "कुणी केलं हे?" पब्लिकनं एकमुखानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी एका दमात तुमची शिकवण सांगितली आणि त्याच दमात लग्नाचंही विचारलं. ती हसत हसत पायरीवरच बसली.

तुमचा,
भाचा

ता. क. १ – तिचं उत्तर: "ज्यांनी तुला असं घडवलंय त्या मामांना आधी बघते, मग सांगते."

ता. क. २ – आयोजकांना पुढच्या वेळीही तसाच अंधार हवाय, पण आगीची जाण असलेला माणूस हजर असेल तरच. मी तुमचं नाव देऊन टाकलंय. आईला घेऊन या. का, ते वाटेत तुम्हीच सांगा. तुमच्यावर ती ओरडत नाही.

ता. क. ३ – नाही म्हणायला फोन करू नका, लागणार नाही. तिचं वाद्य जिन्यावरून उतरवायचंय, दोन्ही हात अडकलेत. निघालो!