मोगरा पौषात छाटला

मये

प्रिय क्षमा,

काल फोनवर तू विचारलंस, गौरवीच्या लग्नाला घरचा मोगरा पुरेल की पणजीहून वेण्या मागवायच्या. पुरेल. कुंपणाजवळची सगळी झाडं कळ्यांनी भरली आहेत. विकतचं एक फूलही नको. पण त्यापुढे तू म्हणालीस, "फुलं सकाळीच गाडीवाल्याकडे दी. तू सावकाश ये गो वहिनी, जेवणाच्या वेळार." मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज मला ऐकू येत होता. मी नुसतं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आधी मोगऱ्याचं सांगते. तुझा सगुणदादा गेल्यापासून मी त्याला कात्री लावली नव्हती. आता फुलं हवीत कोणाला, असं वाटायचं. नुसता पाला माजला, फांद्या कुंपण ओलांडून गोकुळदासभाऊंच्या अंगणात पोचल्या. आपल्याकडे गणेशचवथीची साफसफाई निघाली की दिसेल ते झाड एकदम छाटतात. तुझ्या दादाला ते मुळीच खपायचं नाही. अनंत फुलून गेला की लगेच छाटायचा, कारण त्याच्या कळ्या जुन्या फांदीवर धरतात. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून तो पौषाच्या थंडीत. आधी पाणी तोडायचं, मग फांद्या निम्म्यावर आणायच्या आणि उरलेली पानंही ओरबाडायची. झाडाचे हाल करता म्हणून मी भांडायचे. ते म्हणायचे, "आज दया दाखवलीस तर वैशाखात पानं माळ."

दिवाळीला गौरवी आली होती. लग्न ठरल्याचं सांगून मागच्या दारी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामी, मामा तर नाही. माझ्या केसांत फुलं तूच माळायची. आणि तूही माळायची हां, नाहीतर मी पाटावर बसायचीच नाही." मी हसून विषय बदलला. पण पौष लागला तशी कात्रीला धार लावून आणली. गोकुळदासभाऊ पलीकडून ओरडले, "लग्नाक फुलां जाय म्हणतेस आणि झाडच मारतेस गो?" मी म्हटलं, "वैशाखात बघायला या." आणि फांद्या निम्म्यावर आणल्या. मोगरा काही ऐनवेळी छाटून फुलत नाही, क्षमा. छाटला त्याच दिवशी माझं ठरलं होतं.

म्हणून हे पत्र. फुलं गाडीवाल्याबरोबर येणार नाहीत. आदल्या संध्याकाळी कळ्या खुडून, वेण्या गुंफून मी स्वतः पहाटे पेडण्याला येईन. गौरवीचे केस विंचरून तिला वेणी माळीन आणि तिच्यासमोर माझ्याही केसांत माळीन. तुझ्या सासूबाईंना राग येईल. येऊ दे, पण मांडवात नको. आत्ताच येऊन जाऊ दे. आजच त्यांना सांग. तुला अवघड वाटत असेल तर फोन त्यांच्या हातात दे, मी बोलते. वयानं मोठ्या आहेत, मी शब्दानं उणंदुणं काढणार नाही. आणि तू मधल्यामध्ये रडत बसू नकोस, नवरीची आई आहेस. तुझी वेणी किती लांब गुंफू, तेवढं मात्र कळव.

तुझीच,
जानकीवहिनी