लाईनची वही

सातारा,
४ ऑगस्ट १९९५

चि. सौ. शरयूस अ. उ. आ.

आधी भांडण, मग खुशाली. जूनपासून तुझं एकच पत्र, तेही पोस्टकार्ड. पोस्टकार्ड म्हणजे पत्र नव्हे, नोटीस. तुझी आई रोज पोस्टमनकडे अशी बघते, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपणच पत्र खिशात दडवलंय.

माझं बरं चाललंय. रिटायर झालेल्या इंग्रजीच्या मास्तराला उद्योग काय, तर ती वही. ‘लाईन’ या एका शब्दाचे डिक्शनरीत दोन पानं भरून अर्थ दिलेत, पण आपल्या लोकांनी त्याचं जे काही करून ठेवलंय ते त्यात नाही, म्हणून मी गोळा करायला बसलो. एकेचाळीस झाले. परवा पोवई नाक्यावर एक रिक्षावाला म्हणाला, त्याचा भाऊ आधी दुधाच्या लाईनीत होता, आता मेडिकल लाईनला गेला. डॉक्टर झाला का, विचारलं, तर नाही, औषधांचा टेम्पो चालवतो! लगेच टिपून घेतलं. कॉलेजची पोरं एसटी स्टँडवर जी लाईन मारतात तीही टिपलीय. ते पान तुझ्या आईला दाखवलेलं नाही.

तू लिहिलेली तुमच्या हरिबा लाईनमनची रीतही वहीत गेली. लाईनमन खांबावर चढला की त्याची सायकल त्याच खांबाला टेकलेली. ती परत ऑफिससमोर दिसेपर्यंत तिथल्या डीपीच्या, म्हणजे विजेच्या पेटीच्या, स्वीचला कुणी बोट लावायचं नाही. वीस वर्षं, ना कागद ना सही. मला फार आवडली.

आणि म्हणूनच जीव घाबरा झालाय. काल पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या: पलूसजवळ बोरजाईवाडीत विजेच्या धक्क्याने लाईनमन गंभीर. नाव नाही. तिथल्या वीज ऑफिसचे साहेब म्हणजे आपले जावई मुकुलराव. कालपासून सहा वेळा फोन केला, लाईन मिळत नाही. वहीच्या पहिल्याच पानावरचा हा अर्थ, पण आज त्याचा संताप आला. जे असेल ते लिही.

माझा लोभ आहेच. तुझा असेल तर इनलँड लेटरवर दाखव.

तुझे,
अण्णा

---

बोरजाईवाडी,
८ ऑगस्ट १९९५

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

तो हरिबाच, अण्णा. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून काढावा लागला. मिरजेला दवाखान्यात आहे. बनुबाई, त्याची बायको, त्याच्या उशाशी बसून असते. मी गेले तर तिनं मलाच पाणी दिलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालं. पंचमीला इकडे बायका चिरत नाहीत, तळत नाहीत, दळतही नाहीत. त्यामुळे साऱ्या गावाचं दळण आदल्या दिवशी. गिरणीपुढे डब्यांची ही लांब लाईन लागलेली, आणि दहा वाजता लाईन गेली. दुसरे दोघं लाईनमन शिराळ्याला पंचमीच्या बंदोबस्ताला बोलावलेले. हरिबा एकटाच ओढ्याकाठच्या खांबावर चढला.

तासाभरानं बायका ऑफिसात शिरल्या. साहेब, दिंडं काय पिठाशिवाय उकडू का, म्हणून मुकुलला घेराव घातला. गिरणी ऑफिसच्या समोरच आहे. मुकुल बाहेर आला, बघतो तर गिरणीपुढे हरिबाची सायकल. ती ओळखू येते, सीटला हिरवं कापड शिवलंय. त्याला वाटलं हरिबा काम उरकून आला. त्यानं डीपीचा स्वीच वर केला. बायकांनी आनंदानं गलका केला, आणि तेवढ्यात ओढ्याकडून ओरडणं ऐकू आलं.

२१ तारखेला चौकशीला सांगलीहून मोठे साहेब येणार आहेत. त्यांनी मुकुलसाठी जबाबाचा मसुदाही धाडलाय: हरिबा ऑफिसला न सांगता, स्वतःच्या जबाबदारीवर खांबावर चढला. त्यावर मुकुलनं सही केली की मुकुल सुटला. पण मग हरिबाला भरपाई नाही, आणि ऑफिसातलं बसून करायचं कामही नाही. मुकुलनं अजून सही केली नाही. कागद घडी घालून शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतो. जेवत नाही. ओवीवर खेकसतो, मग पोरीला उचलून फिरत बसतो.

वहीसाठी आज काही सुचत नाही. आईला यातलं निम्मंच सांगा. तुमची माया आम्हा तिघांवर आहे तशीच राहू दे.

तुमची,
शरयू

---

सातारा,
११ ऑगस्ट १९९५

चि. सौ. शरयूस अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आईला निम्मं सांगायला गेलो, तिनं उरलेलं निम्मं माझ्या तोंडावर वाचलं.

मुकुलरावांना म्हणावं, सही करण्याआधी एकदा मिरजेला जाऊन त्या माणसासमोर बसा. त्यांची नोकरी जाईल या धास्तीनं मलाही झोप नाही, पण तरी हेच सांग.

आता तुझ्याशी बोलतो. चाळीस वर्षं पोरांच्या गाळलेल्या जागा तपासल्यात गं. हरिबा खांबावर आणि त्याची सायकल गिरणीपुढे. मग ती तिथं नेली कुणी? सायकल आपल्या पायानं चालत गेली नसेल. तुझ्या पत्रात मुकुलराव काय करत होते ते आहे, बायका काय करत होत्या तेही आहे. तू कुठं होतीस, त्याचा एक शब्द नाही. साऱ्या गावाचं दळण होतं म्हणतेस. तुझ्या दळणाचं काय झालं?

मी चुकत असेन तर दोन शिव्या लिहून पाठव, मी फ्रेम करून लावीन. चुकत नसेन तर मात्र पुढचं पत्र सरळ लिही.

रागात असलो तरी तुझाच,
अण्णा

---

बोरजाईवाडी,
१४ ऑगस्ट १९९५

ती. अण्णांस शि. सा. न.

सायकल मी नेली.

घरात वाटीभर पीठ नव्हतं. डबा गव्हानं भरलेला, उचलवेना, आणि ओढ्यापासून गिरणी लांब. आमच्या परसातून ओढ्याकाठचा खांब दिसतो. खांबाला हरिबाची सायकल टेकलेली, वर हरिबा. मी न विचारता सायकल घेतली, डबा कॅरियरला बांधला आणि गेले. अण्णा, मला रीत ठाऊक होती. मीच तुम्हाला कौतुकानं लिहून कळवली होती! डबा लाईनीत ठेवायचा नि दहा मिनिटांत सायकल जागेवर आणायची, एवढंच डोक्यात होतं. गिरणीवर गेले तर बायका डब्यांचे नंबर लावण्यावरून भांडत होत्या. मी त्यात पडले. माझा नंबर जाऊ नये म्हणून उभी राहिले. मुकुलला घेरलं तेव्हा मी आत गिरणीत होते, मला बाहेरचं काही दिसलं नाही. पट्टा फिरायला लागला तेव्हा मीसुद्धा इतरांसारखी हसले. हे मला रोज आठवतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मुकुलला माहीत नाही. त्याला वाटतं हरिबानंच कुणाला तरी सायकल दिली असेल. मिरजेला गेले तेव्हा हरिबा माझ्याकडे बघून म्हणाला, की सायकल कुणी नेली ते त्याला आठवत नाही. बनुबाई शेजारीच होती. ती खाली बघत राहिली. आठवत नाही कसं, अण्णा? तो मला वाचवतोय. ज्याचा हात गेला तो मला वाचवतोय, आणि मी त्याला वाचवू देतेय.

बोलले तर मुकुलचा संसार मोडेल, नाही बोलले तर हरिबाचा. तुम्ही सांगाल ते करीन, पण लवकर सांगा. २१ तारीख जवळ आलीय.

तुमचीच, अजून म्हणवून घेत असाल तर,
शरयू

---

सातारा,
१६ ऑगस्ट १९९५

चि. शरयूस आशीर्वाद.

म्हणवून न घ्यायला काय झालं? खुळी कुठली.

तुझं रडणं खरं आहे, पण त्याचा हरिबाला काडीचा उपयोग नाही. आधी मुकुलरावांना सांग. २१ तारखेच्या आत, आणि दिवसाउजेडी, चहा पिताना, दोघं शुद्धीवर असताना. नवऱ्याला बाजूला ठेवून परस्पर साहेबांसमोर उभी राहू नकोस. तो दुसरा अपराध होईल. पुढचं तुम्ही दोघं ठरवा. घर मोडलं तर साताऱ्यात दोन खोल्या आहेत, आणि आम्ही म्हातारे फार खात नाही.

सोबत एक पार्सल आहे. चार लाईनीची वही. पाचवीच्या पोरांना एबीसीडी गिरवायला देतात ती. हरिबाला बसून काम मिळालंच तर ते लिहिण्याचं असणार, आणि हात उरलाय डावा. त्याला म्हणावं, मराठीच लिही, मधल्या दोन लाईनींत अक्षर बसव, घाई करू नकोस. मी पुष्कळ पोरांची अक्षरं वळवलीत. हे पोरगं जरा मोठं आहे, इतकंच.

पाठीशी आहे.
अण्णा

---

बोरजाईवाडी,
२४ ऑगस्ट १९९५

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. वीस तारखेला सकाळी, चहा पिताना. मुकुल ओरडला असता तर बरं झालं असतं. इतके दिवस माझ्या शेजारी बसून जेवत होतीस, एवढंच म्हणाला आणि उठून गेला. दुपारी आला, खिशातला तो मसुदा चुलीत घातला, आणि ओवीला मांडीवर घेऊन स्वतःच्या अक्षरात दुसरा जबाब लिहायला बसला.

चौकशीत मोठे साहेब मला म्हणाले, की वहिनी, घरच्या माणसांनी यात पडू नये. मी बसलेच. हरिबाला न विचारता सायकल मी नेली, असं लिहून दिलं आणि सही केली. मुकुलनं लिहिलं, की हरिबाला त्यानंच खांबावर पाठवलं होतं आणि खांबापर्यंत न जाता त्यानंच स्वीच टाकला. साहेब कपाळाला हात लावून बसले. मुकुल आजपासून सस्पेंड आहे. हरिबाच्या भरपाईचा कागद पुढे गेला. त्याच्यावर ठपका नाही, म्हणून ऑफिसातलं कामही मिळेल म्हणतात.

मुकुल माझ्याशी अजून मोजकंच बोलतो. काल ओवीची वेणी घालताना रिबीन मागितली, तेवढंच. पण मागितली.

आम्ही दोघं मिरजेला जाऊन वही देऊन आलो. हरिबा म्हणाला, की चार लाईनी कशाला, एक सरळ आली तरी देव पावला. मग मुकुलला रडू आलं.

दोन खोल्या झाडून ठेवा. आणि रागावलेला लोभसुद्धा चालेल.

तुमची,
शरयू

---

बोरजाईवाडी,
१७ जानेवारी १९९६

वैनींचं अण्णा विष्णुपंत गुरुजींस हरिबाचा रामराम.

डाव्या हातानं लिवलंय. वाकडं दिसंल, चालवून घ्या. वही भरली, दुसरी धाडा.

मला हापिसात खुर्ची दिली. लाईन बंद, लाईन चालू, समदं आता माज्या रजिष्टरात. भोगीच्या आदल्या दिशी गिरणीम्होरं लय लाईन व्हती. नवं सायेब म्हणलं, घाल स्वीच. मी म्हणलो, आवं, गुंडा लाईनमन खांबावर हाय. त्यो सोता यिऊन माज्याम्होरं उभा ऱ्हाईस्तवर न्हाई. बायका लय बोलल्या. मी न्हाई घातला.

आपल्या मुकुल सायबास्नी परत कामावर घेतलं, पर बदली लांब झाली, आसं कळलं. वैनी संगं गेल्या ह्ये बरं झालं.

एक सांगायचं ऱ्हायलंय. म्हणून येवढं गिरवलं. चौकशीत वैनींनी लिवून दिलं, सायकल न इचारता नेली. त्ये खरं न्हाई. त्यांनी खालनं इचारलं व्हतं. मी वरनं न्या की म्हणलो. सायबाच्या मंडळीला न्हाई कसं म्हणायचं? रीत माजी, मीच मोडली. मी त्यांचं नाव घेतलं न्हाई, त्यांनी माजं व्हय सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर ही खुर्ची मिळाली नसती.

रजिष्टरात ह्ये लिवता येत न्हाई. तुमी लाईनीचं समदं वहीत लिवता म्हणं. तितं लिवून ठेवा, आन वैनींना एकदा वाचून दावा.

बनुबाईचा बी रामराम. लोभ हाय त्यो आसाच आसू द्या.

हरिबा