दाराजवळच्या दोन जागा

२ जून
आलो बाई एकदाचे! मी, आई, दोन ट्रंका आणि तिची कमोडची खुर्ची. चर्चच्या मागे दोन स्वच्छ खोल्या मिळाल्यात, नळाला पाणीही आहे. कामही आवडीचं: या जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चचा आणि त्याच्या मंडळीचा इतिहास लिहायचा. पाळकसाहेब इतके सज्जन की आईला स्वतः हात धरून आत घेऊन गेले. दादा-वहिनीने घराबाहेर काढलं ते बरंच झालं म्हणायचं. आईने मात्र सगळ्यात आधी दादाचा फोटो उशाशी ठेवला. तिचं सगळं करायचं मी आणि उशाशी तो! दादा यायचा झाला की ती खाटेवरची जागा हाताने झटकून ठेवायची. मी आपली उभी. जाऊ दे, आजचा दिवस चांगला गेला.

५ जून
इमारत दगडी, साधी. ना चित्रं, ना रंगीत काचा, फक्त उंच व्यासपीठ. बाकांना मात्र कमरेएवढी दारं आणि कड्या. एकेक बाक एकेका घराचं. घरातलं कोणी वारलं की त्याची जागा रिकामी ठेवतात, उरलेले सरकून बसत नाहीत. त्यामुळे रविवारी उरलीसुरली म्हातारी मंडळी दात पडलेल्या तोंडासारखी दिसतात. घरच संपलं, तर बाकाची कडी लावून टाकतात, ती कायमची. मला हसूच आलं.

८ जून
इतिहास म्हणजे नुसती भांडणं. ऑर्गन वाजवायचा की स्तोत्रं नुसत्या गळ्याने म्हणायची, यावरून मंडळी फुटली होती. झाडलोट करणाऱ्या मावशींनी कडी लावलेलं एक बाक दाखवलं, इथल्या जुन्या बेकरीवाल्यांचं. त्या घरची आई ऑर्गन नको म्हणणाऱ्यांतली. भर उपासनेत उठली आणि लेकीला घेऊन निघून गेली. नवरा नि मुलगे बसूनच राहिले. मरेपर्यंत त्यांनी दाराजवळच्या दोन जागा मोकळ्या ठेवल्या म्हणे. त्या दोघी होत्या तेव्हा त्यांना किती विचारत होते, देव जाणे.

११ जून, रविवार
आज माझं चुकलं म्हणतात. आईचे गुडघे आखडलेले आणि बेकरीवाल्यांचं बाक छान उन्हात. मी कडी काढली, तिला दाराशी बसवलं. सगळी मंडळी वळून बघायला लागली. पाळकसाहेबांची प्रार्थना मध्येच अडली. नंतर मावशी माझ्यावर उखडल्या, आधी विचारायचं तरी! मी म्हटलं, एका फळीचं एवढं काय कौतुक? आई मात्र खूश. म्हणाली, शेजारच्या मुलाने हात धरून बसवलं.

शेजारी कोणी नव्हतं.

१४ जून
आई रोज तिथे जाऊन बसते. काठीसुद्धा घेत नाही. कोणाशी तरी बोलते, हसते. दादाचा फोटो तिने ट्रंकेत टाकला. मला वाटलं, आली बाई माझी पाळी! तर म्हणते कशी, माझा मुलगा बाकावर वाट बघतोय. इथेही मुलगाच! घरी येऊन रडले.

१७ जून
आईला आणायला गेले. तिच्या खांद्यावर पिठाचा पंजा उमटलेला. झटकला. पुन्हा उमटला, माझ्या डोळ्यांदेखत. शेजारची फळी गरम होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

मावशी म्हणाल्या, आजच्या आज हिला इथून ने. कुठे नेऊ? दादाला फोन केला. वहिनीने उचलला आणि ठेवून दिला.

१८ जून, रविवार
बाकाची कडी लागलेली. बाहेरून नाही, आतून. आत कडीच नाहीये! सगळ्यांनी दार ओढलं. मी वरून आईला हात लावला — गार. आई हसत होती. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास होऊन गेला. मग तिने मान कशी वळवली? मी पाहिली. मी —

२० जून
पुरलं. दादा आला नाही. मावशी म्हणतात, संपलं आता, जा कुठेतरी. ट्रंका भरल्या. ही वही आणि आईचा चष्मा राहिलाय, चष्मा त्या बाकावर. तेवढा घेते नि —

दुपार. चर्चमध्येच आहे. दार उघडं आहे, बाकाचं.

आई बसलीय. मी स्वतः माती टाकली, नखांत अजून — पलीकडे ओळीने माणसं. पांढरी, पिठाची. समोर बघतायत. पळायला हवं. पाय उचलत —

आई सरकली. दाराकडची जागा हाताने झटकतेय. तशीच. दादासाठी झटकायची तशीच. जन्मात कधी माझ्यासाठी —

हाक मारली. माझ्या नावाने.

मला भीती वाटतेय. आले गं आई, आले, एवढं लिहून —