गाडीजवळची बाई

६ जाने.
बाळंतपणानंतर पहिल्यांदा मैदानावर. शर्वी आठ महिन्यांची, बाबागाडीत. नवऱ्याची, स. ची, नरडाण्याच्या कारखान्यात पहिली पाळी, तो पहाटेच निघतो. सासूबाई (सा.बा.) शिरपूरहून आल्यात, पण गुडघ्यांमुळे रडतं पोर फिरवणं त्यांना होत नाही. म्हणून गाडी सोबत. पोलीस भरतीची मैदानी चाचणी उन्हाळ्याआधी होईल म्हणतात. पुढच्या वेळी वयात बसणार नाही. हीच काय ती संधी.
दोन फेऱ्या गाडी ढकलत चालले, एक पळत. मग गाडी बाकाजवळ लावून ब्रेक दाबला आणि आठशे मीटर. ४ मि. ०५ से. स्वतःचीच लाज वाटली.
पाण्याच्या टाकीमागे गेलं की गाडी दिसत नाही. मोजलं. अकरा सेकंद.

८ जाने.
३:५२. पण गाडीचा टप खाली पाडलेला. मी वर ठेवला होता, नक्की. बाकावर एक म्हातारी, जांभळा स्वेटर, कानाला रुमाल. माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघत नव्हती?

९ जाने.
कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज. पोरं पळवणारे फिरताहेत, बायकाही आहेत त्यात. कुठे, कधी, काही नाही. स. म्हणाला, "असले दरवर्षी येतात." पण लगेच, "तू थोडे दिवस मैदान बंद कर ना." त्याला नेमकं काय बंद करायचंय?
सा.बा.: "पोरले मैदानवर कसाले लई जास? नजर लागी."

११ जाने.
टाकीमागून बाहेर आले तर ती गाडीवर वाकलेली. "ओ मावशी!" ओरडले. ती सरळ झाली, हात वर केला, हळूहळू फाटकाकडे निघून गेली. पळाली असती तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं.
घरी येऊन शर्वीचे मोजे काढले. डाव्या तळपायाला काळा ठिपका. काजळ. मोजा काढून, ठिपका लावून, परत मोजा घातला?? अकरा सेकंदांत?

१२ जाने.
ती आज बाकावर होतीच. बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने खाली बसून फोटो काढला. ग्रुपवर टाकला, खाली एवढंच: "यांना कोणी ओळखतं का? रोज माझ्या गाडीजवळ असतात." वीस-पंचवीस जणींची उत्तरं. सावध राहा, पोलिसांना सांग, आमच्या गल्लीत पण दिसली होती. बरं वाटलं. एकटी नाही असं.

१३ जाने.
जळगावहून नणंदेने एक फोटो पाठवला. "वहिनी, तुमच्या धुळ्यातला आहे बघ, जपून राहा." माझाच फोटो. गाडी कापून टाकलेली, फक्त ती बाई. वर लाल अक्षरांत: पोरं पळवणारी टोळी, दिसली की सोडू नका.
मी असं लिहिलं नव्हतं. ग्रुपवरून माझा मेसेज काढून टाकला. कोणी पुढे पाठवला असेल? प्रत्येकीचं नाव बघत बसले.

१४ जाने.
संक्रांत, मैदान नाही. दुपारी शर्वीला आंघोळ घालताना डाव्या तळपायाला ठिपका. ताजा.
सा.बा. तीळ निवडत होत्या. विचारलं. मान वर न करता म्हणाल्या, "मीच लावस रोज. तुले सांगीसन काय फायदा? तू पुसी टाकशी."
मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

१६ जाने.
दोन दिवस मैदानावर जातेय. बाक रिकामा. आज वेळ घेतलीच नाही. चालायला येणाऱ्या निवृत्त सरांना विचारलं. "लीलाअक्का का? मैदानामागे राहतात, निळं फाटक."

१७ जाने.
गेले. दार अक्कांच्या सुनेने उघडलं, गाडीकडे बघून हसली. "तुम्हीच का त्या? अक्का सांगायच्या. एक पोरगी पळते, तिचं लेकरू एकटं असतं, मी राखण करते म्हणून. ऊन आलं की टप पाडते म्हणायच्या."
अक्का कुठेत विचारलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लेकीकडे, जळगावजवळ नशिराबादला गेल्या. एसटीतून उतरल्या, थांब्यावर एका बाईच्या कडेवरच्या पोराला तिळाचा लाडू दिला. तिथे कोणाच्या तरी मोबाइलमध्ये तो फोटो. गर्दी जमली. पिशवी उपसली, हात पिरगळला. पोलीस वेळेवर आले म्हणून वाचल्या. मनगटाला प्लास्टर.
सुनेने फोटो दाखवला. "कोण्या मेल्याने काढलाय, बघा." मी बघितला. नीट, पहिल्यांदा बघतेय असा.
चहा घ्या म्हणाली. घेतला. पूर्ण प्यायले.

१८ जाने.
स. ला सांगितलं सगळं. ऐकून घेतलं त्याने. मग, "त्यांनी तक्रार दिली का?" देणार आहेत, सून म्हणाली होती, फोटो पहिल्यांदा कोणी टाकला त्याची. "मग तू पुढे होऊ नको. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. नाव आलं की संपलं."
खरंय त्याचं. तरी त्याने आधी अक्कांच्या हाताचं विचारलं असतं तर.
ग्रुपवर कोणी काही बोलत नाही. मेसेज काढला, पण पंचवीस जणींनी वाचलाय. आज दळणाला गेले तर समोरच्या काकू जास्तच गोड बोलल्या. त्यांना माहीत आहे. की मलाच वाटतंय?

१९ जाने.
सुनेकडून नंबर घेतला होता. शर्वीला झोपवलं आणि लावला. लेकीने उचलला, अक्कांना दिला.
"पोर कशी शे तुनी?" हे आधी.
बरी आहे म्हटलं. हात कसा आहे? "हात काय, बरा व्हई. तू पळनं सोडू नको, माय." मग, "तो फोटू कोनी काढा व्हई? तू तं रोज तठेच ऱ्हास. तुले काही माहीत शे का?"
त्या आवाजात नुसतं विचारणं होतं, की माहीत असून विचारणं, अजून ठरवता येत नाही.
म्हटलं, "अक्का, शर्वी रडतेय, नंतर करते."
फोन ठेवला.
शर्वी गाढ झोपली होती.