दुर्बीण आंधळ्या डोळ्याला

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. लाँड्रीत काम भरपूर, पण जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

परवा इस्त्रीच्या यंत्रात माझ्या शेजारी काम करणाऱ्या बाईंचा हात भाजला. हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी मुकादमानेच काढून ठेवली होती. मी पाहिलं होतं. पण मालकांनी विचारल्यावर म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं." खापर बाईंवर फुटलं.

मुकादम खूश. म्हणाला, याला इंग्रजीत 'आंधळा डोळा वळवणं' म्हणतात, दिसत असून न पाहणं. म्हणे एका आरमारी अधिकाऱ्याचा एक डोळा गेलेला होता. लढाईत वरिष्ठांच्या जहाजावरून निशाणांनी माघारीचा इशारा झाला, तेव्हा त्याने मुद्दाम त्याच डोळ्याला दुर्बीण लावली आणि म्हणाला, "मला तर काहीच दिसत नाही!" सगळे हसले. अण्णा, मीही हसलो.

मग भट्टीच्या ठिणगीने गेलेला तुमचा डोळा आठवला. उरलेल्या एका डोळ्यातून आम्हा भावंडांची एकही लबाडी कधी सुटली नाही.

तुम्ही माझा फोटो मागितला होता. एवढ्यात पाठवत नाही. तुम्ही तो नीट निरखून बघाल.

तुमचा,
धाकटा