डावीकडं कलणाऱ्या गाड्या

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०
संकल्प. एक: यंदा साडेसहाशे सीसीची स्पोर्ट बाईक घेणार. दोन: आधी अभ्यास, मग खरेदी. तीन: साखर बंद. (चहातली सोडून.)

एकोणपन्नासावं लागलं. मुरुमच्या बाजारात पंचवीस वर्षं आडत केली. डोळे मिटून तळहातावर दाणे घेतले तर तूर कुठल्या रानातली आणि किती ओली हे सांगतो. अशा माणसाला दोन गाड्यांतली एक निवडता येणार नाही?

प्रश्न सोपा आहे. दोन सिलिंडरची ट्विन की चार सिलिंडरची फोर? ट्विन एकशे नव्वद किलो, फोर दोनशे दहा. ट्विन खालच्या गिअरलाच ओढ घेते. फोर आधी गप्प असते आणि दहा हजार आरपीएमच्या पुढं किंचाळते. भुवनेश्वरीला अजून सांगितलेलं नाही. बायकोला योग्य वेळी सांगावं.

५ जानेवारी, रविवार
विरेश मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. तो म्हणाला, अण्णा, आपल्या रस्त्याला ट्विनच बरी. फोरला पळायला रस्ता लागतो, आपल्याकडं नुसते खड्डे हायत. मी म्हणालो, फोरमध्ये व्हायब्रेशन नसतं त्याचं काय? माझी जुनी गाडी एका सिलिंडरची. तिच्या थरथरीनं डाव्या हाताची दोन बोटं महिनाभर बधिर आहेत. विरेशनं गाडी फिरवून आणली. म्हणे, हँडलला काईच थरथर न्हाय. ऑइलमध्ये हात घालून घालून मिस्त्री लोकांच्या हाताची जाण जाते.
आजचा निकाल: फोर.

९ जानेवारी, गुरुवार
डावी चप्पल दोनदा पायातून निसटली. एकदा वजनकाट्यापाशी, एकदा चहाच्या टपरीवर. मला पत्ताच नाही, मी तसाच पुढं. दोन्ही वेळा आमचा म्हातारा हमाल सिदू ती घेऊन मागून आला. अण्णा, चप्पल राहिली तुमची. हल्लीच्या चपलांना पकड म्हणून नाही. नवा जोड घेतला.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घ्यायला चौघं आले असताना हातातला कप पडला. व्हायब्रेशनचा परिणाम गाडीवरून उतरल्यावरही तीन तास राहतो, असं एका व्हिडिओखालच्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय. कॉमेंट माझीच आहे, पण तिला चौदा लाइक आहेत.

पाहुणे गेल्यावर भुवनेश्वरी म्हणाली, सोलापूरला दाखवून या. मामंजींचंबी असंच झालं होतं. आधी कप पडायला लागले, मग... वडिलांची डावी बाजू गेली ती गेलीच, हे खरं. पण वडील सायकल वापरत. संबंध नाही.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ७
वजनाची प्रॅक्टिस. सोलापूरच्या शोरूमात जाऊन हसं व्हायला नको. हिशोब असा: जुनी गाडी एकशे दहा किलो. तिला दोन्ही बाजूंनी तुरीचा पन्नास-पन्नास किलोचा कट्टा बांधला की झाली फोर. बाजार बंद होता, म्हणून यार्डातच. सिदू म्हणाला, अण्णा, पोतं पाठीवर घेत्यात, गाडीवर बसून कशाला झुंजताव? त्याला पॉवर डिलिव्हरी कुठून समजावणार.

वीस फुटांवर गाडी डावीकडं पडली. कट्टा फुटला. मग चाळीस-चाळीसचे बांधून ट्विन केली. तीही पडली. डावीकडंच. सिदूनं माप चुकवलं असणार म्हणून दोन्ही पोती काट्यावर चढवली. चाळीस आणि चाळीस. म्हणजे यार्डाची फरशीच डावीकडं उतरती आहे. पंचवीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवी चप्पल तुरीत रुतून बसली होती. सिदूनं झटकून पायापाशी ठेवली.
निकाल: ट्विन. वीस किलो कमी म्हणजे कमीच.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन करून आलो तर भुवनेश्वरीच्या हातात माझा ट्विन-फोरच्या तुलनेचा तक्ता. आता तोफ डागणार, असं वाटलं. ओरडली नाही. खाली बसा म्हणाली, डोळे मिटा, हात पुढं करा. उजव्या हातावर तूर, थोडी ओली. लगेच सांगितलं. डाव्याला जरा वेळ लागला. हरभरा, म्हणालो.

डोळे उघडले तर डावा तळहात रिकामा. मी काईच ठिवलं नव्हतं हो, म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी चिडलो. व्यापाऱ्याच्या हातावर हवा ठेवून माल विचारायचा, ही काय रीत झाली? पण आत थोडी भीती वाटली. थोडी नाही, बरीच वाटली. सोमवारी, तीन तारखेला, सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं कबूल केलं. गुरूची आण घालून घेतली तिनं.

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३, एसटीत
दवाखान्यात एकतिसावा नंबर मिळाला आणि आत बारावा चालू. शोरूम त्याच रस्त्याला. दहा मिनिटांसाठी म्हणून गेलो.

ट्विनवर बसलो. क्लच दगडासारखा घट्ट, चार बोटांनीही दबेना. सेल्समन पोरगेला, त्यानं एका बोटानं दाबून दाखवला. त्यांना सवय असते. स्टँड काढला आणि गाडी डावीकडं कलली. मी पाय टेकवला. म्हणजे टेकवला असं मला वाटलं. दोघांनी मिळून आधी गाडी उचलली, मग मला. आरसा फुटला. फोरला हात लावू दिला नाही.

दवाखान्यात परत गेलो तर नंबर निघून गेलेला. खरं तर शेवटी बसा म्हणाले होते. बसलो नाही. डॉक्टर काय सांगेल ते ऐकायची हिंमत झाली नाही, हे इथं लिहायला हरकत नाही.

नोंद: यार्डाची फरशी, शोरूमची फरशी, दोन्ही डावीकडं उतरत्या.

संध्याकाळी ७
भुवनेश्वरीला सांगितलं, डॉक्टर म्हणाले व्हिटॅमिन कमी आहे. स्टँडसमोरच्या मेडिकलमधून पिवळ्या गोळ्या आणल्या होत्या. तिनं देवापुढं हात जोडले, माझ्या कपाळाला विभूती लावली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण झाल्यावर जरा बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
रोज सकाळी घड्याळ लावल्यासारखी ती पिवळी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते. फरक पडला का, विचारते. व्हय म्हणतो.

तक्त्यात अकरावा मुद्दा घातला: मऊ क्लच. चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडला. या कपांची कडच जाड आहे. बदलायला सांगितले.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.४०
निर्णय झाला. फोर. कारणं:
१. थरथर नाही.
२. पॉवर एकसारखी, झटका नाही.
३. वजनाची भीती बाळगून मोठं काम होत
अक्षर खाली का चाललंय. वही सरळच आहे. भुवनेश्वरीला हाक मारली. ती म्हणते नीट बोला, काय म्हणताव कळंना. मी नीटच

२ मार्च, रविवार
दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात शाबूत आहे, म्हणून लिहू शकतो. डावा हात आणि पाय नावाला.

डॉक्टर म्हणाले, दोन महिने मेंदूला छोटे छोटे झटके येत होते. मोठा यायच्या आठवडाभर आधी जरी दाखवायला आला असतात तर एवढं झालं नसतं. मग गोळ्यांचं पाकीट उचलून भुवनेश्वरीला विचारलं, ह्या कुठल्या डॉक्टरनं दिल्या? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तेव्हापासून तिनं त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

९ मार्च, रविवार. सकाळी १०
विरेशनं भुवनेश्वरीला आठ दिवसांत स्कूटर शिकवली. गावातच व्यायाम करून घेणारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं आज पहिल्यांदा तिच्या मागं बसून गेलो. डावी चप्पल सिदूनं सुतळीनं पायाला बांधून दिली. पोत्याला मारतात तीच गाठ.

सवयीनं नोंद करतो. सिलिंडर एक. वजन एकशे सात किलो. पॉवर डिलिव्हरी सौम्य. गिअर नाही, क्लच नाही. डावीकडं कलत नाही.

निघताना तिनं विचारलं, धरलाव का मला? म्हटलं, धरलंय, घट्ट धरलंय. चल.

वजनकाट्यापाशी तिनं गाडी थांबवली. मागं हात करून माझा डावा हात माझ्याच मांडीवरून उचलला आणि आपल्या कमरेला लावून घेतला. मला खरंच वाटलं होतं, धरलंय.