वसुबारशीला गाईचा उपास

सोलापूर, आश्विन वद्य द्वादशी, १९३१
दिवेलागण

दुपारपासून कपिलेनं रवंथ केलेला नाही. गोठ्याच्या उंबऱ्यात बसून लिहिते आहे, पण नजर सारखी तिच्या जबड्याकडे जाते.

गल्लीत वासरू असलेली गाय आमचीच एकटी, म्हणून वसुबारशीला सगळ्या बायका पूजेला आमच्याकडे येतात. प्रत्येकीच्या ताटात उडदाचे वडे, गूळ, भात. हे तिच्या पोटाला झेपणार नाही, ते मला सकाळीच दिसत होतं. पण नैवेद्याला नको म्हणवेना. दुपारी तिची डावी कूस ढोलासारखी फुगली.

सासूबाई करकंबच्या, गुरांत वाढलेल्या. त्यांनी ताकात ओवा नि पादेलोण कालवून पाजलं आणि कूस चोळत बसल्या. मला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "आता फकस्त वाळला कडबा नि मिठाचा खडा. दुसरं कायबी न्हाय," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारची सून ताट घेऊन आली. पहिल्या लेकराचं पहिलं वर्ष, सकाळपासून उपाशी. हिला काय सांगू?

सासूबाई कूस चोळता चोळताच म्हणाल्या, "गाईचा बी आज उपास हाय, पोरी. तुज्यासारखाच. पाया पड, तेवढं पोचतं."

तिनं ताट झाकलं, कपिलेच्या पायांवर पाणी घातलं आणि समाधानानं गेली. इतकं सोपं होतं?

जबडा हलला का? हलला, बहुतेक.

"बघत बसू नगं," सासूबाई म्हणतात. "जेवताना कुणी असं बघितलं तर तुला गोड लागंल का?"

म्हणून मान खाली घालून लिहिते आहे. रवंथ ऐकू येतो आहे.